राजपुत्रांच्या दुधाची हकीकत

श्री कुळस्वामिनी प्रसन्न. जिच्या कृपेने लेकुरांच्या मुखी दूध पडते तिला दंडवत घालून लिहितो ऐसे की, शके पंधराशे एक्याण्णव, माघमासी, एका राज्यात (नाव लिहिण्याची आज्ञा नाही) उमाऊ राणीसाहेब प्रसूत जाहल्या, पुत्र जाहला, आणि हत्तीवरून साखर वाटली, आणि सारे राज्य तोंड गोड करून बसले. त्या राज्याची पूर्वापार चाल ऐसी की, राजपुत्राने मातेच्या अंगावर दूध घेतले की नगारा वाजावा, म्हणजे वारस धडधाकट आहे हे रयतेस कळावे. मग आरंभी नगारा वाजला, मग अर्धामुर्धा वाजला, आणि मग वाजेनासाच जाहला, कारण पान्हा येईना. राणीसाहेब बाळास छातीशी धरीत आणि कान नगारखान्याकडे लावून बसत, आणि बाळ रडे, आणि त्याही रडत. बाजारात कुजबुज जाहली. राजांच्या मातोश्री, मांसाहेब, यांनी अळिवाची खीर पाठविली, शतावरी पाठविली, डिंकाचे लाडू पाठविले, आणि येता-जाता विचारावे, "आज तरी वाजणार का गं?" त्या प्रश्नाने होते तेही आटे.

मग दरबार भरला. भानभट वैद्य बोलिले, "बोंडल्याने शेळीचे दूध द्यावे." बोंडले म्हणजे चोचीची चांदीची वाटी. त्यावर सरदारांत दोन तट पडले, आणि एक बोलिले, "वाटीवर वाढलेला राजा तलवार काय धरील?" आणि ज्यांनी जन्मात लेकरू मांडीवर घेतले नाही त्यांचाच आवाज सर्वांत मोठा. राणीसाहेब पडद्याआड होत्या, त्यांस कोणी पुसले नाही. मांडीवरचे बाळ रडून रडून थकले होते, आता नुसते ओठ हलवीत होते. ते पाहून राणीसाहेबांचे काळीज तुटले आणि लाज कोठच्या कोठे गेली. त्या पडदा सारून बाहेर आल्या आणि बोलिल्या, "बोंडलं आणा. आणि नगारा वाजवा." नगारची हात जोडून म्हणाला, "सरकार, वाटीच्या दुधाला वाजवायची रीत न्हाई जी." त्या बोलिल्या, "पोट भरलं की वाजव. कशानं भरलं ते माझं मी बघीन."

मग राजे स्वतः पुढे जाहले. गड घेणाऱ्या हातांनी बोंडले धरिले. आणि पहिला घोट हनुवटीवर गेला, दुसरा पोटात, आणि बाळ बापाकडे एकटक पाहत पिऊ लागले. नगारा वाजला. राणीसाहेबांस आनंद जाहला आणि हेवाही वाटला, कारण ती नजर आजवर केवळ त्यांची होती. मांसाहेबांनी ते ओळखिले आणि सुनेच्या पाठीवर हात ठेवून बोलिल्या, "नीज जरा. उठलीस की घेशीलच जवळ." मग राणीसाहेब पोटभर निजल्या, आणि उठून बाळ घेतले, आणि कान कोठेही लाविला नाही, आणि थोडा पान्हा आला. पुरता असा तो कधीच आला नाही. बाळ थोडे अंगावर प्याले, उरले ते बोंडल्याने.

एवंच राजपुत्र वाढले, तलवारही धरू लागले, आणि कोणत्या दुधाचा हा गुण यावर सरदार अद्याप भांडतात. एकदा राजपुत्रांनीच पुसले, "आऊ, मी वाढलो तरी कशावर?" राणीसाहेब हसून बोलिल्या, "ते आता कुठलं आठवायला? उपाशी नव्हतास, एवढं ठाऊक आहे." इतकेच लिहावयाचे होते.