ग्राहक फोन उचलत नाही

चिंचपोकळीच्या जेठा चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहणारे कुशाबा घाडी यांच्याकडे टेलिफोन आला, तेव्हा त्यांची गिरणी बंद पडून तीन वर्षं उलटली होती. अर्ज त्यांनी गिरणी चालू असताना केला होता. तेव्हा ते साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते, अंगावर इस्त्रीचा शर्ट असायचा आणि 'तुम्हाला फोन कशाला हवा' असं विचारायची कुणाची छाती नव्हती. पुढे संप झाला, गिरणीला टाळं लागलं, कुशाबा शिवडीच्या एका गोदामावर वॉचमन झाले. अर्ज मात्र टेलिफोन खात्यात सुखरूप होता. गिरणगावाची एवढी उलथापालथ झाली, पण खात्यानं आपला क्रम मोडला नाही. एका मंगळवारी दोन माणसं वायरचं वेटोळं आणि एक काळं यंत्र घेऊन चाळीचा जिना चढली.

सगळी चाळ गोळा झाली. तुळसाबाईंनी यंत्राला हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला. थोडं पाणी डायलच्या भोकांत गेलं, ते लाइनमननं स्वतःच्या रुमालानं टिपलं. मग कुशाबांनी रिसिव्हर कानाला लावला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

"काय म्हणता तो?" तुळसाबाईंनी विचारलं.

"काहीच म्हणत नाही," कुशाबा म्हणाले. "आवाज नाही यात."

"येईल," लाइनमन म्हणाला. "आमचं काम बसवायचं. चालू करणारं सेक्शन वेगळं."

"आणि नाहीच आला तर?"

"तर एकशे अठ्ठ्याण्णव नंबरला तक्रार नोंदवायची."

"कुठून?"

"फोनवरून," लाइनमन म्हणाला. असल्या अडाणी प्रश्नांची त्याला सवय होती.

आठवडाभर वाट बघून कुशाबा स्टेशनजवळच्या इराण्याकडे गेले आणि तिथल्या फोनवरून त्यांनी एकशे अठ्ठ्याण्णव फिरवला. पलीकडच्या माणसानं नंबर विचारला, 'थांबा' म्हणून सांगितलं आणि थोड्या वेळानं निकाल दिला.

"तुमचा फोन चालू आहे. आम्ही आत्ताच रिंग दिली. रिंग जाते आहे. तुम्हीच उचलत नाही आहात."

"मी इथं इराण्याच्या हॉटेलात उभा आहे."

"मग घरातलं कुणी उचलत नाही. तो आमच्या खात्याचा विषय नाही."

दुसऱ्या दिवशी तुळसाबाईंना यंत्रासमोर पाटावर बसवून कुशाबा पुन्हा इराण्याकडे गेले. खात्यानं पुन्हा रिंग दिली. खात्याच्या बाजूला ती खणखणीत वाजली. तुळसाबाईंच्या बाजूला फक्त एक माशी येऊन डायलवर बसली. त्या दिवशी खात्यानं घाडींच्या नंबरासमोर कायमचा शेरा मारला : 'ग्राहक फोन उचलत नाही.'

इकडे चाळीनं तो नंबर वाटूनसुद्धा टाकला होता. फोन एका घरात, पण नंबर सगळ्या मजल्यांचा, ही त्या काळची रीतच होती. नोकरीच्या अर्जांवर, लग्नाच्या पत्रिकांवर, गावच्या पत्रांत सगळीकडे घाडींचा नंबर गेला. लोक फोन करू लागले. पलीकडे रिंग जायची, अलीकडे शांतता. पहिला भडका तुळसाबाईंच्या भावानं, वसुदेवनं उडवला. तो गिरगावातून तणतणत आला.

"तीनदा फोन केला मी. उचलूक नको? फोन इलो म्हणून भाऊ परको झालो काय गो तुका?"

तुळसाबाईंनी फोन बंद असल्याचं शपथेवर सांगितलं. वसुदेवनं ऐकून घेतलं नाही. जो फोन आपल्या कानात वाजतो तो बंद आहे, यावर कुठला शहाणा माणूस विश्वास ठेवील?

चाळीचे असेच दिवस गेले असते, पण शेजारच्या लहूला एक मोठा शोध लागला. लहू परब हा कुशाबांबरोबर शिवडीच्या गोदामावर लागलेला. एकदा तो सांगितल्याशिवाय दोन दिवस घरी राहिला. तिसऱ्या दिवशी मुकादमानं त्याला उभा केला.

"मी दोन्ही दिवस फोन केला की घाडीकाकांकडून," लहू म्हणाला. "तुमच्या ऑफिसात उचलला नाय कोणी. मी काय करू, बोला."

मुकादमानं हजेरीचं पुस्तक मिटलं. गोदामाचा फोनही कुणी उचलत नसे, हे त्याला स्वतःलाच ठाऊक होतं.

ही बातमी चाळीत पसरली आणि जेठा चाळीचं सुवर्णयुग सुरू झालं. आजवर इथल्या माणसाला चुकवाचुकवी करायची तर ताप, सासू किंवा देवाचं कार्य यांतलं काहीतरी उभं करावं लागे, आणि ते निभवावंही लागे. आता एका वाक्यात काम होत होतं. बारशाला गेलं नाही तर 'फोन केला होता, तुम्ही उचलला नाही.' कुणाला बोलवायचं नसलं तरी तेच. गावचे पाहुणे मुक्कामाला येतो असं कळवायला फोन करायचे, उत्तर न मिळाल्यानं घाडी मंडळी बाहेरगावी गेली असं समजून दुसऱ्या नातेवाइकाकडे उतरायचे. त्याच मजल्यावरच्या सोनूबाईंच्या सुनेचं माहेर तर दीड महिना सुनेला न्यायला येऊ शकलं नाही आणि सोनूबाई यंत्रावर रोज एक झेंडूचं फूल ठेवू लागल्या.

कुशाबांना हे सगळं दिसत होतं. आपल्याकडची मेलेली वस्तू एवढ्या लोकांच्या उपयोगी पडते आहे याचं त्यांना मनातून बरंही वाटत होतं. पण मग मालनचं स्थळ आलं.

मालन ही त्यांची मुलगी. परळच्या एका दवाखान्यात केसपेपर काढायची. स्थळ होतं शिवाजी पार्कचं. मंडळी मूळची मालवणकडचीच, पण दोन पिढ्या पार्कात फिरून मालवण विसरलेली. मुलगा वसंत बँकेत होता. मध्यस्थानं मुलीची माहिती सांगताना 'घरी टेलिफोन' हे पहिल्यांदा सांगितलं होतं, शिक्षण नंतर.

बघायला आल्यावर वसंतच्या आईनं, मृणालिनीबाईंनी, आधी यंत्राकडे पाहिलं आणि मग मालनकडे. दोन्ही त्यांना पसंत पडल्यासारखं वाटलं. वसंत सबंध वेळ चिवड्यातले शेंगदाणे वेगळे करत होता. निघताना मृणालिनीबाई म्हणाल्या, "आमचा निर्णय आम्ही फोनवर कळवू."

मालननं काहीतरी सांगायला तोंड उघडलं. तुळसाबाईंनी त्यात लाडूचा तुकडा भरला.

महिना गेला. मध्यस्थाकडून निरोप आला : 'आम्ही फोन करून थकलो. मुलीकडच्यांना गरज दिसत नाही.'

तेव्हा मात्र कुशाबांनी इस्त्रीचा शर्ट बाहेर काढला आणि ते टेलिफोन खात्याच्या मोठ्या साहेबांसमोर जाऊन उभे राहिले. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"तुमची अडचण मला समजते," साहेब म्हणाले. "पण आमच्या दप्तरी तुमचा फोन चालू आहे. चालू फोन दुरुस्त करायची तरतूद नाही. एकच मार्ग आहे. फोन वाजतो आणि आपण मुद्दाम उचलत नाही, असं तुम्ही कबूल करा."

"कबूल केलं तर काय होईल?"

"तुमच्यावर चौकशी बसेल. चौकशीला इन्स्पेक्टर येईल. इन्स्पेक्टर आल्याशिवाय फोन वाजत नाही हे आम्हाला कळणार कसं?"

कुशाबांनी कबुली दिली. आयुष्यात पहिल्यांदाच आपल्यावर चौकशी बसली म्हणून ते आनंदानं घरी आले, तर दारात चाळीचं शिष्टमंडळ उभं होतं. पुढे लहू.

"काका, असं करू नका," तो म्हणाला. "फोन मेलाय तोवर चाळ जिवंत आहे."

"माझ्या पोरीचं लग्न अडलंय रे."

"पोरीचं एकदाच होईल. मुकादम रोज आहे."

चौकशीच्या दिवशी इन्स्पेक्टर आले. त्यांनी यंत्रासमोर खुर्ची घेतली, खात्यातून रिंग द्यायची जी वेळ ठरवून आले होते ती घड्याळात पाहिली आणि कान देऊन बसले. काहीही वाजलं नाही.

"ऐकू आली का?" कुशाबांनी आशेनं विचारलं.

"मला नाही आली," इन्स्पेक्टर म्हणाले. "पण माझा कान हा पुरावा होत नाही. शिवाय रिंग ऐकू येते असं तुम्ही स्वतः कबूल केलं आहे. तुम्ही खोटी कबुली दिलीत का?"

"तसं नाही."

"मग तुम्ही उचलत का नाही?"

तेवढ्यात मालन दवाखान्यातून आली. तिनं एकदा वडिलांकडे पाहिलं, एकदा इन्स्पेक्टरांकडे, आणि यंत्राची वायर हातात धरून ती कुठं जाते ते बघत निघाली. वायर खिडकीतून बाहेर गेली, गॅलरीच्या कठड्यावरून पुढे सरकली आणि सोनूबाईंच्या दाराशी एका खिळ्याला गुंडाळून संपली. तिच्यावर सोनूबाईंचा परकर वाळत होता. रस्त्यातल्या खांबावरून आलेली खात्याची वायर तिथून हातभर अंतरावर लोंबत होती.

इन्स्पेक्टरांनी दोन्ही टोकं तपासली. "दोन्ही वायरी उत्तम स्थितीत आहेत," ते म्हणाले. "फक्त त्यांचा परस्परांशी संबंध नाही."

"मग जोडा ना."

"जोडणारं सेक्शन वेगळं."

मालननं स्टूल आणलं, परकर बाजूला केला आणि तारांना पीळ घातला. ती ते करत असताना इन्स्पेक्टर, नियमाप्रमाणे, लालबागच्या दिशेला बघत राहिले. दुसऱ्याच क्षणी घरात यंत्र असं किंचाळलं की तुळसाबाईंच्या हातातलं ताट पडलं.

पहिला फोन मुकादमाचा होता. "लहू आहे का घरी?"

लहू समोरच बसला होता. कुशाबा सवयीनं खरं बोलले. दुसरा फोन सोनूबाईंच्या व्याह्यांचा, सुनेला न्यायला उद्या येतो म्हणून. तिसरा गावचा, सात माणसं मुक्कामाला निघाली होती. चौथा वसुदेवचा. त्याला बोलायचं काही नव्हतं, पण पाऊण तास लागला. दोन दिवसांत चाळीतलं प्रत्येक घर सापडलं. माणसं जिन्यात भेटली तरी कुशाबांना ओळख देईनाशी झाली. लहूची हजेरी शंभर टक्के भरली आणि तो वाळत चालला.

ज्यासाठी एवढं केलं तो फोन मात्र येईना. शेवटी कुशाबांनीच शिवाजी पार्कचा नंबर फिरवला. रिंग गेली. जात राहिली. चार दिवस त्यांनी नंबर फिरवला आणि पाचव्या दिवशी ते स्वतःच जाऊन धडकले.

मृणालिनीबाई सोफ्यावर बसल्या होत्या. फोन त्यांच्या कोपराशी होता.

"अहो, काय सांगू तुम्हाला," त्या म्हणाल्या. "महिनाभर आमचा फोन बंद आहे."

त्याच वेळी फोन वाजू लागला. कुशाबांनी फोनकडे पाहिलं, मग बाईंकडे. बाईंच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. फोन वाजून वाजून थांबला.

"वाजतो," मृणालिनीबाई म्हणाल्या, "पण बंद आहे. चहा घेता ना?"

कुशाबांनी चहा घेतला. शिवाजी पार्क ते चिंचपोकळी ते चालत आले आणि वाटेत त्यांच्या मनातली खात्याविषयीची सगळी अढी गेली. बिचाऱ्या खात्याला एका जागी वायर जोडता आली नव्हती, एवढंच. शिवाजी पार्कात तर वायर जोडलेली होती. घरी येताच त्यांनी रिसिव्हर उचलून यंत्राच्या शेजारी आडवा ठेवला, त्यावर तुळसाबाईंचा विणलेला रुमाल घातला आणि ते बऱ्याच दिवसांनी निवांत झोपले.

आता जो फोन करील त्याला लाइन एंगेज लागू लागली. चाळ पुन्हा कुशाबांशी बोलायला लागली. खात्याचं मात्र मत पार बदललं. फोन न उचलणारा ग्राहक आता क्षणभरही फोन खाली ठेवत नव्हता. पुढच्या वार्षिक समारंभात कुशाबांना शाल देऊन त्यांचा 'आदर्श ग्राहक' म्हणून सत्कार झाला. मोठे साहेब भाषणात म्हणाले की, संपानं कामगारवर्ग खचला असं म्हणणाऱ्यांनी या लाइनकडे पाहावं. कुशाबांनी शाल घेतली. नाही कसं म्हणणार?

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वसंत जिना चढून आला. एकटाच, घामाघूम. दारात मालन होती.

"तुम्ही सारखं कुणाशी बोलता हो?" त्यानं एकदम विचारलं.

"मी?"

"सात वेळा केला मी फोन. सातही वेळा एंगेज."

मालननं विणलेला रुमाल उचलून आडवा रिसिव्हर दाखवला.

"मागे तुमच्या आईनं महिनाभर केला होता ना," मालन म्हणाली, "थकेपर्यंत?"

वसंतनं कानाची पाळी ओढली. "केला नव्हता," तो म्हणाला. "ती केला म्हणते. तिला अजून दोन स्थळं बघायची होती. मीही नव्हता केला. मला धीर होत नव्हता."

"मग आता कसा झाला?"

"रिंग जाते आणि उचलत नाहीत, म्हटलं तर माणूस कंटाळून सोडून देतो. एंगेज लागला की राहवत नाही. वाटलं, दुसरं कुणीतरी बोलतंय."

मालन इतकी हसली की सोनूबाई परकर वाळत घालायचा सोडून बघायला आल्या. आतून तुळसाबाईंनी चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. त्या मुलाला त्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. मार्गशीर्षात लग्न लागलं. हॉलवर मृणालिनीबाई पाहुण्यांना सांगत होत्या की मुलगी आपणच पहिल्या दिवशी पसंत केली, फक्त फोन लागत नव्हता. ज्यांना बोलावलं नव्हतं त्यांना कुशाबा सांगत होते की केला होता, तुम्ही उचलला नाही. आणि ज्यांना बोलावूनही यायचं नव्हतं त्यांनी नंतर सांगितलं की आम्हाला फोनच आला नाही. कुणाचाही अपमान झाला नाही.

ती चाळ आता उरली नाही. तिच्या जागी पंचवीस मजले उभे आहेत आणि तिथल्या कुठल्याही फोनला वायर नाही, म्हणजे तुटायची सोय नाही. सगळं आपल्यालाच करावं लागतं. मघाशी ही गोष्ट वाचताना तुमच्या शेजारी तुमचा फोन थरथरला. तुम्ही नाव वाचलंत आणि तो पालथा ठेवलात. संध्याकाळी सायलेंटवर होता म्हणून सांगाल, आणि ते मानलंही जाईल. पण आत्ता तिकडे तो माणूस अजून फोन कानाला लावून उभा आहे. त्याला वाटतंय, तुम्ही कामात असाल.