श्री. अनुभवी यांस नोटीस

वकीलबाईंच्या ऑफिसात एकोणीस वर्षं मसुदे तयार करणाऱ्या कारकुनाला सगळे 'मसुदे'च म्हणत. खरं आडनाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथे ते सुखात होतं. नोटीस असो, करारनामा असो, मसुद्यांची पद्धत एकच. जुना कागद उघडायचा, नाव बदलायचं, तारीख बदलायची, तक्रार बदलायची आणि छापून मोकळं व्हायचं. जे लोक दर वेळी नव्याने लिहायला बसतात तेच चुका करतात, असं त्यांचं ठाम मत होतं.

जेवणाच्या सुट्टीत एका हाताने डबा उघडला की दुसऱ्या हाताने ते फोन उघडत. एका बातम्यांच्या संकेतस्थळावर तंत्रज्ञानाचं सदर होतं आणि प्रत्येक बातमीखाली लोक हमरीतुमरीवर येत. मसुद्यांनी तिथे 'पुरावा द्या' असं नाव घेतलं होतं. दिवसभर "हो बाई, लगेच बाई" करणारा हा माणूस तिथे कोणाच्या बापाचं ऐकत नसे.

त्यांचा कायमचा प्रतिस्पर्धी म्हणजे 'अनुभवी'. नवा फोन येवो, नवा कायदा येवो, हा गृहस्थ त्यात आरोग्य घुसवणारच. फोन उजव्या खिशात ठेवला की गुडघा धरतो. चार्जरच्या वायरला सैल गाठ मारली की डोकेदुखी उतरते. फोनच्या पाठीला तांब्याची चकती चिकटवली की झोप गाढ लागते. खाली ठरलेलं वाक्य: 'स्वतः करून पाहिलं आहे.' त्याखाली मसुदे: 'पुरावा द्या.' त्याखाली अनुभवी: 'मीच पुरावा.' तीन वर्षं हा संसार असा सुरळीत चालला होता.

मग ती खोकल्याची बातमी आली. माणसाचा खोकला ऐकून आजार सांगणारा फोन म्हणे निघाला होता. फोनने असं ऐकणं कायद्यात बसतं का, असं कोणीतरी विचारलं. मसुद्यांनी भाजी गार होऊ दिली आणि संमती या विषयावर नऊ परिच्छेद लिहिले. त्यांना दोन पसंत्या मिळाल्या. त्यातली एक त्यांची स्वतःचीच होती.

अनुभवींनी लिहिलं, 'कायद्याचं राहू द्या. फोनला खोकला ऐकवला की खोकला वाढतो. माझा वाढला.' त्याला चाळीस पसंत्या मिळाल्या.

मसुद्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी लिहिलं, 'तुम्ही कशावरही विश्वास ठेवता. उद्या कोणी सांगितलं की चंद्र दुरुस्तीला काढलाय, तर तुम्ही पाना घेऊन निघाल.'

'चंद्राचं काम येत नाही. घड्याळं मात्र करतो. तुमचं डोकं फार गरम झालेलं दिसतं, जरा पाणी प्या,' असं अनुभवींचं उत्तर आलं. त्याला सत्तर पसंत्या.

त्याच सुट्टीत मसुद्यांनी नोटीस तयार केली. आता नोटीस म्हटलं की त्यांची बोटं आपोआप एकाच जुन्या कागदाकडे जात, कारण ऑफिसात सगळ्यात जास्त तोच चाले. 'प्रति, श्री. अनुभवी' असं वर घातलं, खोट्या वैद्यकीय सल्ल्यांबद्दल दोन सणसणीत परिच्छेद घातले, सात दिवसांत जाहीर माफीची मागणी घातली आणि अनुभवींना खाजगी निरोपात पाठवून दिली. नुसती गंमत, जरा घाबरेल, एवढंच मनात होतं. सुट्टी संपत आली होती, म्हणून पुन्हा वाचून पाहायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी अनुभवी दिसले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मसुद्यांना मैदान मोकळं मिळालं आणि पहिले दोन दिवस त्यांनी त्यात मनसोक्त धावून घेतलं. चौथ्या दिवसापासून मात्र त्यांना करमेना. 'पुरावा द्या' म्हणावं असं कोणी बोलतच नव्हतं.

"जेवत का नाही आहात नीट?" बायकोने आठव्या दिवशी विचारलं.

"एक माणूस गप्प झालाय."

"कोण? ओळखीचा?"

"ओळखीचा असं नाही. भांडायचो आम्ही."

"मग बरंच झालं की! जिंकलात तुम्ही."

मसुद्यांना हे पटायला हवं होतं. ते फोनकडे बघत भात चिवडत राहिले.

दहाव्या दिवशी सकाळी ऑफिसात एक म्हातारे गृहस्थ आले. इस्त्रीचा सदरा, गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग, हातात प्लास्टिकची पिशवी. त्यांनी पिशवीतून फोनवरून छापून घेतलेला, चार घड्या घातलेला कागद काढला आणि मसुद्यांच्याच टेबलावर उलगडला.

"या पत्त्यावर उत्तर द्यायचं होतं ना? मी उत्तर आणलं नाही. जे सांगितलं ते केलंय. फक्त पोच हवी."

वर 'प्रति, श्री. अनुभवी' हे शब्द वाचताच मसुद्यांच्या पायाखालची जमीन सरकली. खाली ऑफिसचा पत्ता जसाच्या तसा होता. जुन्या कागदातून तो काढायचा राहून गेला होता. पण खरा घोटाळा चौथ्या परिच्छेदात होता: 'तरी आपण सदर खोली तीस दिवसांच्या आत रिकामी करून तिचा शांततापूर्ण ताबा घरमालकांस द्यावा.'

"काका," मसुद्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं, "तुम्ही खोली... सोडलीत?"

"सातव्या दिवशीच. माफीही मागणार होतो, पण जाहीर माफी कुठे मागतात ते कळेना. म्हटलं, निदान खोलीचं तरी वेळेत करू. एकतीस वर्षं होतो तिथे."

"पण चकतीबद्दल लिहिलं म्हणून कोणी घर सोडायला सांगतं का?"

"मलाही जरा जास्त वाटलं," म्हातारे प्रामाणिकपणे म्हणाले. "पण हल्ली या ऑनलाइनच्या बाबतीत कायदे फार कडक झालेत म्हणतात. वाचलं होतं कुठेतरी."

"आता राहता कुठे?"

"मुलीकडे. जावई चांगला आहे हो. फक्त त्याला टिकटिक सहन होत नाही. तेवीस घड्याळं आहेत माझ्याकडे. सगळी बंद करून खोक्यात ठेवलीत."

मसुद्यांना तिथल्या तिथे रडू यायला लागलं. खोटं बोलायची संधी होती. पोचेवर शिक्का मारला असता तर म्हातारे आभार मानून गेले असते. पण त्या बंद केलेल्या तेवीस घड्याळांनी त्यांना धरून ठेवलं. ते उठले, म्हाताऱ्यांना हाताला धरून बाईंच्या केबिनमध्ये घेऊन गेले आणि 'पुरावा द्या' म्हणजे कोण, इथपासून सगळं सांगून टाकलं.

बाईंनी नोटीस दोनदा वाचली. चष्मा काढून पुसला.

"मसुदे, एकोणीस वर्षांत तुम्ही माझ्यासाठी लिहिलेल्या एकाही नोटिशीने सातव्या दिवशी खोली रिकामी झाली नाही."

"हो बाई."

"मला सांगू नका 'हो बाई'. घरमालकाला बोलवा."

म्हातारे इतका वेळ मसुद्यांकडे टक लावून पाहत होते. रागाने नाही. खूप दिवस फक्त फोनवर ऐकलेला माणूस समोर आल्यावर पाहावं तसे. "तुम्ही होय! मला वाटलं होतं तुम्ही उंच असाल," एवढंच ते म्हणाले.

घरमालक संध्याकाळी आला तो नव्या कुलपाची चावी बोटात फिरवत. सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"नाही जमणार. त्यांनी आपल्या हाताने चावी दिलीय. नऊ वेळा मी सांगितलं खोली सोडा, नऊ वेळा नाही म्हणाले."

"तुम्ही तोंडी सांगितलंत," म्हातारे म्हणाले. "लेखी आलं, सोडली."

"बघा! एवढा व्यवहारी माणूस! फोनवर आलेल्या कागदाला घाबरून घर सोडेल? मनातून सोडायचंच होतं त्यांना."

"खोट्या कागदावर घेतलेला ताबा मी तुम्हाला पचू देणार नाही," बाई म्हणाल्या. "कोर्टात नेईन, मग निकाल लागेपर्यंत वर्षानुवर्षं खोलीला कुलूप लावून बसाल."

घरमालक जरा नरमला. "हे बघा बाई, मी काही वाईट माणूस नाही. यांनी खरंच विश्वास ठेवला असेल तर चावी परत देतो. पण एवढं भोळं कोण असतं? दाखवा मला."

बाई मसुद्यांकडे वळल्या. "आहे काही तुमच्याकडे?"

होतं. तीन वर्षांचं होतं. मसुद्यांनी फोन काढला. म्हातारे समोरच बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून.

"वाचा," बाई म्हणाल्या.

मसुदे वाचायला लागले. आधी अनुभवींचं मत, मग आपलं उत्तर. वायरची गाठ. 'तुमच्यासारख्यांमुळे समाज मागे राहतो.' उजवा खिसा. 'गुडघ्याऐवजी मेंदू दाखवा कोणाला तरी.' तांब्याची चकती. 'हा माणूस लिहिलेल्या कुठल्याही गोष्टीवर विश्वास ठेवतो.' लिहिताना ही वाक्यं मसुद्यांना किती चमकदार वाटली होती! आता त्या माणसाच्या समोर, त्याच्या इस्त्रीच्या सदऱ्यासमोर, तीच वाक्यं ते जमेल तेवढ्या हळू आवाजात वाचत होते.

घरमालक मात्र खुर्चीत मागेपुढे होत हसत होता. "गाठ! वायरला गाठ!" त्याने डोळे पुसले. "पुरे, पुरे. पटलं मला. असा माणूस कशावरही विश्वास ठेवेल. घ्या तुमची चावी, काका."

म्हाताऱ्यांनी चावी घेतली. घर परत मिळालेल्या माणसाचा चेहरा असतो तसा त्यांचा चेहरा नव्हता.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मसुद्यांना सुट्टी दिली, तीही शिक्षा म्हणून. मसुद्यांनी म्हाताऱ्यांच्या मुलीच्या घरून खोकी उचलली, रिक्षातून आणली, खोलीत एकेक घड्याळ त्याच्या जागी लावलं. म्हातारे फक्त कुठलं कुठे ते सांगत होते. शेवटचं घड्याळ लावून झाल्यावर मसुद्यांनी हात जोडले.

"काका, चुकलो मी. नोटिशीबद्दल तर आहेच, पण ते बाकीचं सगळं..."

"नोटिशीचं काय एवढं! चूक होते माणसाकडून." म्हातारे एका घड्याळाला किल्ली देत होते. "ते बाकीचं मात्र ऐकताना वाईट वाटलं. मला वाटायचं, आपण गप्पा मारतोय."

मसुद्यांनी रिकामी खोकी एकात एक घालून कोपऱ्यात ठेवली. ते चपला घालून बाहेर पडले आणि घरी चालत गेले.

त्यानंतर ते रोज सदर उघडून वाट पाहू लागले. पाचव्या दिवशी नव्या उशीची बातमी आली. तिच्यावर झोपलं की सकाळी फोनवर झोपेचा अहवाल येतो म्हणे. खोकल्यापेक्षाही भारी विषय! आता अनुभवी आल्याशिवाय राहणार नाहीत, या आशेने मसुद्यांनी डबा बाजूला सारला. आणि खरंच अनुभवींचं नाव झळकलं. मसुदे इतके खूश झाले की खुर्चीतून अर्धे उठलेच.

'यातलं मला काही कळत नाही,' अनुभवींनी लिहिलं होतं. 'जाणकारांनी सांगावं.'

मसुदे पुन्हा खाली बसले. सुट्टी संपेपर्यंत ते फोन हातात धरून होते. दोनदा लिहायला घेतलं, दोनदा पुसलं. जाणकारांना त्या दिवशी सांगण्यासारखं काहीच सुचलं नाही.