ग्रॉन्याचं रागवायचं नाव

लेकीचं नाव ग्रॉन्या ठेवायचं हे नूलानं बाळ पोटात असतानाच ठरवून टाकलं होतं. त्यात मॅलकी लवेलला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारतील अशी त्याची अपेक्षाही नव्हती. पण बाप्तिस्म्याचा रविवार तोंडावर आला तेव्हा खाटेवर पडल्यापडल्या नूला म्हणाली, "मधलं नाव तू शोध."

मॅलकीच्या हातातली किटली तशीच अधांतरी राहिली. लग्न झाल्यापासून घरातलं एवढं मोठं काम त्याच्यावर सोपवायची ही पहिलीच वेळ. मागे एकदा कोंबड्यांच्या खुराड्याचा रंग निवडायला सांगितलं होतं, तर रंग वाळल्यावर कोंबड्यांनी महिनाभर अंडी दिली नव्हती.

"एखादं गोडसं बघू?" त्यानं विचारलं.

"गोड पहिलं आहेच की. मधलं नाव रागवायला असतं. लाडात असताना नुसतं ग्रॉन्या, आणि पोर भिंतीवर चढलं की पूर्ण नाव. माझ्या आईनं माझं मधलं नाव रोझ ठेवलं. आता 'नूला रोझ' म्हटल्यावर कोण घाबरणार? धाक म्हणून लागलाच नाही मला कधी. म्हणून तर तुझ्याशी लग्न केलं."

मॅलकीला हे पटलं. तो स्वतः घरातला अकरावा. त्याच्यापर्यंत येईस्तोवर आईजवळची नावं संपली, म्हणून त्याला मधलं नावच नव्हतं. म्हणूनच की काय, गावात त्याला कुणी मोजत नसे. त्याचं गाढवसुद्धा.

"एकच नाव हं," नूलानं बजावलं. "आणि पार समुद्रापर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

आता ऐकू जातं की नाही हे हाक मारल्याशिवाय कसं कळणार? घरात मारावी तर बाळ झोपलेलं. तेव्हा मॅलकी घरामागच्या टेकडीवर चढला. टेकडी अशी की तिच्या तीन अंगांना तीन घरं, आणि एका घराला दुसरं दिसत नाही. एका अंगाला त्याची कन्सेप्टाआत्या, दुसऱ्या अंगाला अट्रॅक्टाकाकू, आणि तिसऱ्या अंगाला फादरांचं घर, म्हणजे खरं तर त्यांचा स्वयंपाक करणाऱ्या डिम्प्नाबाईंचं.

मॅलकीच्या मनात वाकडं काही नव्हतं. बायकांची नावं त्याला ठाऊक होती ती एवढीच. पण नाव रागानं घ्यायचं तर आधी राग यायला हवा, आणि तो काही येईना. शेवटी गाढवानं खाल्लेला कोबी त्यानं डोळ्यांपुढे आणला, मग त्याच गाढवानं खाल्लेली आपली टोपी आणली, आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "ग्रॉन्या कन्सेप्टा लवेल, उतर त्या भिंतीवरून!"

बरं वाटलं. वारा फिरला तसा तोही फिरला आणि तेच त्यानं अट्रॅक्टा घालून म्हणून पाहिलं. वारा पुन्हा फिरला. डिम्प्ना घालून मारलेली हाक तर अशी गेली, की बांगडे पकडायला निघालेल्या दोन होड्या भिंतीवरून उतरायचा हुकूम आपल्यालाच आहे असं समजून माघारी फिरल्या आणि धक्क्याला लागल्या.

तिन्ही नावं पसंत पडल्यामुळे एकही न ठरवता तो खाली आला. दारात कन्सेप्टाआत्या उभी. काखेत बदक, हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी, डोळे ओले.

"मॅलकी, माझ्या राजा," ती म्हणाली, "पंचाहत्तर वर्षांत माझं नाव कुणी एवढ्या मोठ्यानं घेतलं नव्हतं रे."

गुंडाळीत बाप्तिस्म्याचा झगा होता. आत्याच्या आजीनं विणलेला. आत्यानं तो जन्मभर कुणाला दाखवलासुद्धा नव्हता. मॅलकीनं तोंड उघडलं. आपण नुसती नावं पारखत होतो, हे त्याला सांगायचं होतं. तोंडातून आलं ते, "आत्या, चहा घेतेस ना?"

दुसऱ्या दिवशी अट्रॅक्टाकाकू आल्या. चुलीत जाळायला दलदलीतल्या मातीची वाळकी ढेकळं आणायची मॅलकीची वाट त्यांच्या शेतातून जाई. गाढवानं त्यांची वाळत घातलेली चादर पांघरून नेल्यापासून त्यांनी तिथल्या फाटकाला कुलूप घातलं होतं. ते त्यांनी आपल्या हातानं काढलं. माझ्या नावाच्या पोरीला थंडीत कुडकुडत ठेवायचं का, असं त्यांनीच उलट विचारलं. आणि फादरांकडून निरोप आला, की रविवारी पाणी कोमट असेल; डिम्प्नाबाईंची तशी ताकीद आहे. त्या चर्चात बिशपच्या पुतण्यालाही कधी कोमट पाणी मिळालं नव्हतं.

"ठरलं का रे?" नूलानं विचारलं.

"ठरतंय," मॅलकी म्हणाला आणि आत्यानं दिलेल्या बदकाला दाणे घालायला बाहेर गेला.

रविवार उजाडला. बाळंतिणीनं सुवेर फिटेपर्यंत चर्चात पाऊल टाकायचं नाही, म्हणून नूला घरीच राहिली. धर्ममाता म्हणून आत्या होती. झग्यातलं बाळ घेऊन ती दगडी कुंडापाशी अशी उभी राहिली, की जणू तिनंच जन्म दिलाय.

"नाव?" फादरांनी विचारलं.

"ग्रॉन्या कन्सेप्टा."

पहिल्या बाकावरून कुणीतरी खाकरलं. "अट्रॅक्टा," काकू म्हणाल्या. "कन्सेप्टा, वय झालं तुझं. विसरतेस तू."

तेवढ्यात कोमट पाण्याची किटली घेऊन डिम्प्नाबाई आल्या. "दोघींचंही चुकतंय. मी या कानांनी ऐकलंय, टेकडीवरून."

"मीही टेकडीवरूनच ऐकलं," आत्या म्हणाली.

"मग मी काय विहिरीतून ऐकलं?" काकू म्हणाल्या.

तीन माना मॅलकीकडे वळल्या. आत्याच्या हातात आजीचा झगा. काकूंच्या हातात फाटकाचं कुलूप. ते त्या सोबत घेऊनच आल्या होत्या. डिम्प्नाबाईंच्या हातात किटली, आणि त्यांच्याच हातात फादरांचं दुपारचं जेवण, त्यामुळे फादरही मॅलकीकडेच बघू लागले.

"बोल रे बाबा, कुठलं?"

मॅलकीनं बुटांकडे पाहिलं. बुटांना काही सुचेना.

"फादर," तो हळूच म्हणाला, "पाणी तीनदा ओततात ना?"

फादरांनी मटणाच्या रश्श्याचा विचार केला. "ओततात," ते म्हणाले, आणि दर ओतण्याला एक अशी तिन्ही नावं पोरीच्या डोक्यावर घातली. पाणी कोमट होतं. पोर रडलीसुद्धा नाही.

"एक सांगितलं होतं," घरी नूला म्हणाली.

"हो."

"तीन आणलीस."

"कमी पडायला नको म्हणून."

नूला भिंतीकडे तोंड करून झोपली.

ग्रॉन्या सहा वर्षांची झाली. एका दुपारी नूलाची चर्चात घालायची टोपी गाढवाच्या डोक्यावर दिसली, आणि गाढवावर ग्रॉन्या, आणि दोघं बटाट्याच्या वाफ्यात. नूला दारात आली. इतकी वर्षं जपून ठेवलेला श्वास तिनं छातीत भरून घेतला आणि सुरुवात केली.

'कन्सेप्टा' म्हणेपर्यंत पोर गाढवावरून उतरली. 'अट्रॅक्टा' म्हणेपर्यंत भिंतीवर चढली. डिम्प्ना येईपर्यंत ती भिंतीपलीकडे दिसेनाशी झाली, आणि टेकडीच्या तीन अंगांना तीन दारं उघडली. आत्या काठी टेकत आली, मागे बदकांची रांग. काकू हातातला आमटीचा डाव घेऊन आल्या. डिम्प्नाबाई तर कुणी गेलं असं समजून फादरांनाच घेऊन आल्या.

"काय केलंय माझ्या पोरीनं?" तिघींनी विचारलं. काकूंच्या पाठीआडून ग्रॉन्या डोकावली. तिच्या तोंडात केक होता.

तिघी संध्याकाळपर्यंत बसल्या. टोपी गाढवालाच जास्त शोभते यावर त्यांचं जन्मात पहिल्यांदा एकमत झालं. एवढ्याशा पोरीवर असं ओरडू नये, हे फादरांनीही सांगितलं. नूलानं मान डोलावली, सगळ्यांना फाटकापर्यंत पोचवलं, हसून हात हलवला, आणि सावकाश अंगणाकडे वळली.

मॅलकी गाढवाच्या मागे उभा होता.

त्याला मधलं नाव नव्हतं. हाक वाटेत कुठंच अडली नाही.