निर्मनुष्य बेटावरची म्हातारी

पर्यटन खात्याने बेट निर्मनुष्य असल्याचे जाहीर केले, तेव्हा बेटावरचा नावाडी अंगणात जाळं दुरुस्त करत होता आणि त्याची म्हातारी आई कोंबड्यांना हाका मारत होती. ही आनंदाची बातमी द्यायला खात्याचे साहेब जातीने आले, तेही नावाड्याच्याच होडीतून.

"जाहिरात छापून झालीय," साहेब गंभीरपणे म्हणाले. "तिच्यात निर्मनुष्य असं स्पष्ट म्हटलंय. तुमच्यामुळे खातं खोटं पडतंय."

"मग मी कोण?" म्हातारीने विचारलं.

"आजी, तुम्ही विसंगती आहात. राग मानू नका."

"जाहिरात बदला ना, साहेब," नावाडी म्हणाला.

"ती बदलायला वरची मंजुरी लागते. माणसं हलवायला लागत नाही."

साहेब मनाने मोठे. त्यांनी तोडगा काढला. पाहुण्यांची होडी दिसली की मायलेकांनी दार लावून आत बसायचं, चूल पेटवायची नाही, खोकायचं नाही. शेळी मोकळी सोडायला हरकत नव्हती, कारण शेळी निसर्गात मोडते. म्हातारी त्याच मातीत जन्मलेली. पण तिला निसर्गात बसवणारं कलम साहेबांना काही केल्या सापडेना.

एकांताला उदंड गर्दी झाली. माणसांचा वीट आलेली शहरातली मंडळी लोंढ्याने आली आणि एकाच खडकावर एकटं बसण्यासाठी हमरीतुमरीवर आली. खात्याने एकांताची टोकनं काढली. पण माणूस म्हटला की पोट आलं, आणि अख्ख्या बेटावर आडोसा म्हणून घर एकच. तेव्हा 'उपलब्ध बांधकामाचा निसर्गस्नेही वापर' अशा गोंडस नावाखाली नावाड्याच्या घराचं स्वच्छतागृह झालं.

मायलेकांना किनाऱ्यावरच्या शहरात चौथ्या मजल्यावर खोली मिळाली. तिच्या खिडकीतून दुसऱ्याची खिडकी दिसे. म्हातारीचं अन्नावरचं मन उडालं.

"मला घरी ने रे," ती एकच धरून बसली. "एकदा उंबऱ्याला हात लावते, मग तू म्हणशील तिथं मरते."

आईसाठी एवढंही करता येऊ नये याची नावाड्याला लाज वाटली. बेटावर आता खात्याचीच होडी जायची, म्हणून तो तिकीट खिडकीशी गेला.

"परतीचं कधीचं देऊ?" कारकुनाने विचारलं.

"परत नाही यायचं. आई तिथंच राहील."

"कशी राहील? बेट निर्मनुष्य आहे!"

शेवटी संध्याकाळच्या परतीचं तिकीट काढून तो आईला घेऊन गेला. घरापुढे ही लांबलचक रांग. म्हातारी रांगेत उभी राहिली. पाळी आली तशी ती उंबऱ्यावरच बसली, त्यावरून हात फिरवू लागली आणि तिला रडू आवरेना.

मागचा गृहस्थ या पायावरून त्या पायावर भार टाकत होता. तो खेकसला, "आजी, आटपा की! स्वतःचं घर समजलात काय?"

"हो," म्हातारी म्हणाली.

रांगेत हशा पिकला. रखवालदाराने तिला दंडाला धरून उठवलं आणि झाडामागे नेऊन उभं केलं, कारण पलीकडे कोणाचा तरी फोटो चालला होता आणि ती मध्ये येत होती.

फोटो मात्र झकास आला. निळं पाणी, पांढरी वाळू, माणूस औषधालासुद्धा नाही. परवा तुम्हीच नाही का त्यावर बदाम टाकलात आणि खाली विचारलंत, "कुठं आहे हो हे? गर्दी व्हायच्या आत सगळे जाऊन येऊ म्हणतो."