बाईसाहेबांना ओव्हरटेक

रस्त्यावर कोणी कुठून जायचं, हे मला विचारा. गावभरच्या पाट्यांवरचा मजकूर मीच लिहितो. सायकलने फुटपाथवर चढायचं नाही, घोडेस्वारांना फुटपाथ आणि हमरस्ता दोन्ही बंद, आणि कालव्याकाठची कच्ची वाट दोघांनाही मोकळी. त्यामुळे मेव्हण्याने घोडीवरून फेरफटक्याला निघताना मलाही बोलावलं, तेव्हा मी ऐटीत सायकल काढली. बायको म्हणाली, दादाच्या घोडीपासून जरा लांबच राहा. मी म्हटलं, नियमाने चालणाऱ्याला कशाची भीती?

त्या घोडीला सासरी सगळे बाईसाहेब म्हणतात. बाईसाहेब पुढे डुलत चाललेल्या, मागे मी. त्या चालीने सायकल चालवायची म्हणजे दर चार हातांवर पाय टेकायचा. शेवटी पुढे जायचं ठरवलं. पुढे जाताना घंटी वाजवावी, असा नियम आहे. मी वाजवली. मेव्हणा वळून हातवारे करत काहीतरी सांगत होता. ऐकू येईना, म्हणून आणखी जोरात वाजवली.

बाईसाहेब मागच्या दोन पायांवर उभ्या राहिल्या. मेव्हणा झुडपात, आणि बाईसाहेब सुसाट हमरस्त्याकडे! तिथे ट्रकांची रांग धावत होती. जीव खाऊन पायडल मारत सुटलो. नशीब, ऐन तोंडाशी त्या वळून फुटपाथवर चढल्या. मागोमाग मीही. फिरायला आलेली मंडळी पालीसारखी भिंतीला चिकटली.

पुढे वाहतूक हवालदार उभा होता. त्याने एका हाताने अलगद लगाम धरला आणि दुसऱ्या हाताने माझं हँडल. फुटपाथवर सायकल चालवल्याबद्दल मला दंड. मी म्हटलं, मग घोडीचं काय?

"पाटीवर घोडेस्वारांना बंदी लिहिलीय," तो शांतपणे म्हणाला. "हिच्यावर स्वार कुठाय?"

मजकूर माझाच. दंड भरला.

मेव्हणा लंगडत आला. आधी बाईसाहेबांचे चारही पाय चाचपले, मग स्वतःचा दुखरा गुडघा.

"भाऊजी, जनावराच्या पाठीमागे घंटी कशाला?" तो म्हणाला. "माणसाला मारतो तशी हाक मारायची, अन् अंतर ठेवून सावकाश पुढे जायचं."

परतताना, कालव्याकाठी, मी धीर करून मागून म्हटलं, "बाईसाहेब, येतोय हं."

त्यांनी एक कान मागे वळवला आणि मुकाट्याने बाजूला सरकून वाट दिली. लग्न झाल्यापासून सासरच्या कोणी माझं ऐकल्याचा हा पहिलाच प्रसंग.