नानांचा एकुलता एक सरदार

आमचे नाना गुडघे टेकायला लावल्याशिवाय खडूचा तुकडासुद्धा देत नसत. धुळ्याच्या शाळेत ते इतिहास शिकवत, मी चित्रकला; खडूंच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडे असे. समोरच्याने गुडघे टेकायचे, जोडलेले हात नानांच्या दोन्ही तळव्यांत द्यायचे आणि म्हणायचं, "आजपासून मी तुमचा माणूस." त्यावर नाना म्हणत, "आजपासून तुझं रक्षण माझ्याकडे." मग खडू मिळे. मध्ययुगात युरोपात जहागीर अशीच मिळायची, असं त्यांचं म्हणणं. स्वतः ते भुसावळच्या पलीकडे कधी गेले नव्हते.

शिक्षकांच्या खोलीतही त्यांनी तीच उतरंड लावली होती. हेडमास्तर राजा, नाना उमराव. दगा नावाच्या शिपायाला त्यांनी सरदारकी देऊ केली, तेव्हा तो म्हणाला, "नाना, घंटा बी मीच वाजाडू आन सरदार बी मीच? माले शिपाईच राहू द्या."

बाकीचे शिक्षक घरून खडू आणू लागले. राहिलो मी. मला जहागीर म्हणून वाऱ्याची खिडकी मिळाली. धुळ्याच्या वैशाखात त्या खिडकीसाठी मी कुणापुढेही गुडघे टेकले असते. मोबदल्यात वर्षातून चाळीस दिवस उमरावासाठी लढाईला जायचं होतं. लढाई नव्हती, म्हणून मी नानांबरोबर बाजारात भरिताची वांगी निवडायला जात असे.

एकदा दुसऱ्या दिवशी तपासणी होती. नानांनी मला ती उतरंड फळ्यावर रंगीत खडूंनी काढायला सांगितली. वर राजा, मग उमराव, मग सरदार, तळाशी जमिनीला जखडलेलं कूळ. जमीन दुसऱ्याला दिली की कूळही तिच्यासोबत जायचं. मला गंमत सुचली. नांगर धरलेल्या कुळाला मी दरवर्षी येणाऱ्या इन्स्पेक्टर साहेबांचं तोंड दिलं, नाकावरच्या चामखिळीसकट. सकाळी पुसायचं ठरवलं होतं. विसरलो.

साहेब फळ्यापुढे थबकले. नकळत त्यांचा हात नाकाकडे गेला. "हे कोणी काढलं?"

माझ्या घरी नुकतंच बारसं झालं होतं. नोकरी जाऊन चालणार नव्हतं.

"मी," नाना म्हणाले.

नानांना सरळ रेघ मारता येत नाही, हे अख्ख्या शाळेला ठाऊक होतं. दगा माझ्या कानाशी म्हणाला, "मास्तर, बोला ना." मी बोललो नाही. नानांची नोकरी गेली. पुढे कितीतरी वर्षं धुळ्यात चामखीळवाले नाना म्हणून त्यांच्यावर हसत. मीही हसत असे. ते चित्र माझं होतं, हे आज प्रथमच लिहितो आहे.

नाना पिंपळनेरला निघाले, तेव्हा मोटारीपाशी मी त्यांची ट्रंक घेऊन गेलो. माफीचं काहीतरी पुटपुटलो. ते म्हणाले, "अरे, एवढ्या जगात 'मी तुमचा माणूस' म्हणणारा एकच भेटला. त्याचं रक्षण नको करू?"

मग त्यांनी दोन्ही तळवे पुढे केले, माझ्या हातांपुरती जागा मध्ये ठेवून. पलीकडे हेडमास्तर आमच्याकडेच बघत उभे होते.

मी वाकलो आणि त्या तळव्यांत ट्रंकेची कडी दिली.