प्रभूच्या कानावर घातलेली माणसं

वेस्ट मांबलममधल्या आमच्या बिल्डिंगीत कोणी पाण्याची मोटर बंद करायला विसरलं, तर रूथमावशी त्याच्याशी भांडत नसत. त्याच्या नावाची चिठ्ठी लिहून चर्चमधल्या पेटीत टाकत. ही पेटी खरं म्हणजे आजारी, बेकार आणि परीक्षेला बसलेल्या मंडळींसाठी. रविवारी पाळकसाहेब चिठ्ठ्या माइकवरून वाचत आणि सगळी सभा डोळे मिटून त्या त्या माणसासाठी प्रार्थना करी. मावशींनी तिची तक्रारपेटी केली होती. कॉलर जाळणारा इस्त्रीवालासुद्धा सुटला नाही. वर साळसूदपणे म्हणायच्या, "मी कुणाला बोलले का? फक्त प्रभूच्या कानावर घातलंय."

त्या माझ्या घरमालकीण. मूळच्या नगरच्या. रेल्वेतल्या कारकुनाशी लग्न होऊन मद्रासला आल्या, नवरा लवकर गेला, शाळेत शिवण शिकवून एकुलत्या डॅनियलला वाढवलं. ऐंशी ओलांडली तरी एक रविवार चुकवला नाही. एकदा रस्त्यावर गुडघाभर पाणी असताना चपला हातात घेऊन चर्चला गेल्या होत्या. ती गोष्ट मी दोन वर्षांत किमान तीसदा ऐकली. भाडेकरू मराठीच हवा म्हणून त्या अडून बसल्या होत्या. टोमणे मारायला मातृभाषाच बरी, हे मला सामान लावल्यावर कळलं.

एके सोमवारी ऑफिसातली, मावशींच्याच चर्चमध्ये जाणारी सेल्वी मला हळूच म्हणाली, "सुहास, सिगारेट सुटली का? आमचं अख्खं चर्च तुझ्यासाठी प्रार्थना करतंय."

मी आयुष्यात सिगारेट ओढलेली नाही. चौकशी केली तर यादीच निघाली. सुहास मोटरसायकल बेफाम चालवतो. सुहास आईला फोन करत नाही. माझ्याकडे सायकलसुद्धा नव्हती, आणि माझी आई साताऱ्याहून रोज फोनवर मी काय जेवलो ते विचारायची.

मी तणतणत खाली गेलो. "मावशी, मी सिगारेट ओढत नाही."

"मग प्रार्थना लागू पडली की," म्हणाल्या, आणि भेंडी चिरत राहिल्या.

अशा बाईशी काय बोलणार? मी घर शोधायला लागलो. तेवढ्यात एका शनिवारी, पेटीत चिठ्ठी टाकून आल्यावर, मावशी खुर्चीत बसल्या बसल्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी चर्चमधल्या अंत्यविधीला डॅनियल आला. गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यात नोकरी, घरापासून दोन तासांवर, पण मी त्याला तोवर पाहिलं नव्हतं. चर्चच्या फाटकाशी त्याने मोटरसायकल लावली आणि सिगारेट पेटवली. मी आधी मोटरसायकलकडे पाहिलं, मग सिगारेटकडे.

"दर रविवारी माझं नाव वाचायचे, सार," तो म्हणाला. "लोक हसायचे. मग मी आईला सांगितलं, पुन्हा माझं नाव त्या पेटीत पडलं तर तोंड दाखवणार नाही. तिने वचन दिलं. पाळलंही. मीच आलो नाही."

बाई खोटारडी होती, हे माझं मत मी बदललेलं नाही. देवाला फसवायला निघाली आणि त्यासाठी माझं नाव वापरलं. पण त्या क्षणी मला राग आला तो डॅनियलचा. दोन तास म्हणजे काय मोठं अंतर आहे?

प्रार्थना संपताना पाळकसाहेबांनी मावशींची शेवटची चिठ्ठी काढली. एवढं तमिळ मला एव्हाना कळत होतं. वरच्या मजल्यावरच्या सुहासने एका रविवारी तरी आईकडे जेवायला यावं. त्याच्या आवडीचं मटण ती करून ठेवील.

मी जन्माचा शाकाहारी. शेजारी बसलेल्या डॅनियलने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

नाव ऐकताच सगळ्या सभेने माझ्याकडे वळून पाहिलं. मी मान खाली घातली आणि त्यांना पाहू दिलं.